लोखंडाची पारख

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या वाळूवरून चालत कुलाबा किल्ल्यात जाणाऱ्या मंडळींस तेथील तटावर चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन इंग्रजी तोफा हटकून भेटतात. यॉर्कशायर परगण्यातील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचे नाव त्यांजवर कोरलेले आहे. आंग्र्यांच्या आरमारी अमलाची साक्ष शोधावयास आलेला मनुष्य ते नाव वाचून क्षणभर खट्टू होतो, पण लगेच तोफेवर हात टेकवून छायाचित्रासाठी उभा राहतो, आणि तसा उभा असताना त्याची नखे, त्याच्या नकळत, तोफेच्या अंगावरील गंजाचा एखादा पोपडा उकलीत असतात. हे मी दुसऱ्याविषयी सांगत नाही. मी स्वतःच एकदा तसे केले आहे. पोपडा करंगळीच्या नखाएवढा होता. बाहेरून विटकरी, आतल्या अंगाने काळा, आणि काठाशी पिवळसर तांबूस ओलावा धरलेला. तो मी रुमालाला पुसून टाकला. जुन्या लोखंडाचे जतन ही काय विद्या आहे याची थोडीफार माहिती पुढे करून घेतली, तेव्हा त्या रुमालात मी काय पुसले होते, याचा उलगडा झाला.

या विद्येचा आरंभ भट्टी पेटवण्यापासून किंवा घण उचलण्यापासून होत असेल, अशी आपली समजूत असते, आणि पुढे त्या दोहोंचीही गाठ पडते यात शंका नाही. परंतु शिकणाऱ्यास प्रथम शिकावे लागते ते हात आवरणे, आणि समोरचे लोखंड कोणत्या जातीचे आहे हे ओळखल्यावाचून त्यास ब्रशही न लावणे. कारण ज्यास आपण सरसकट ‘लोखंड’ म्हणतो ते वस्तुतः एक द्रव्य नसून तीन भिन्न स्वभावांची भावंडे आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्यास विष होते.

ही भावंडे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आली आहेत. बिडाचा तवा ओट्यावरून खाली पडला तर त्याचे दोन तुकडे होतात. जुनी घडीव पळी पडली तर फार तर वाकते, आणि वाकली तरी पुन्हा सरळ होते. विळीचे पाते वाकत नाही, तुटतही नाही, धार मात्र वर्षानुवर्षे धरून राहते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा अडीच ते चार, त्यामुळे ते लवकर वितळते, साच्यात पाण्यासारखे पसरते, हवी ती वेलबुट्टी उचलते, आणि डोक्यावर कितीही भार घेते. पण ताण दिला की काचेसारखे दगा देते. घडीव लोखंडात कर्ब जवळजवळ नसतोच; त्याऐवजी भट्टीतील मळीचे बारीक तंतू त्याच्या अंगात लांबवर ओढले गेलेले असतात, म्हणून ते मोडले असता मोडीच्या जागी चावलेल्या उसाच्या पेरासारखे रेशे दिसतात. पोलाद या दोहोंच्या मध्ये उभे आहे. ही पारख करावयाची जुन्या लोहारांची रीत अगदी साधी होती: सळईच्या टोकास छिन्नीने अर्धवट खाच पाडून ती वाकवावयाची आणि फाटलेल्या जागी रेशे आहेत की दाणा आहे ते पाहावयाचे, अथवा सहाणेच्या फिरत्या चाकास धातू टेकवून ठिणग्या न्याहाळावयाच्या. बिडाच्या ठिणग्या आखूड व काळपट तांबड्या, घडीव लोखंडाच्या लांब व गवताच्या काडीच्या रंगाच्या, पोलादाच्या मात्र फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. अर्थात ऐतिहासिक वस्तूवर ही कसोटी लावताना तिचा दर्शनी भाग सोडून एखादी दडलेली कड शोधावी लागते, आणि बहुधा शिक्षक त्याही वेळी हात धरतो.

पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक झडपेवर बारा बारा इंचांचे ७२ अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने मस्तकाचा धक्का देऊ नये म्हणून योजलेले हे खिळे बिडाचे ओतले असते तर पहिल्याच धडकेस त्यांची टोके उडाली असती. येथे घणाखाली घडलेल्या, चिवट लोखंडाचेच काम होते. असे लोखंड एके काळी आपल्याकडेच गाळले जाई. महाबळेश्वरच्या डोंगरपट्टीत जांभ्या दगडातून लोखंड काढणारे धावड लोक होते. एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंड स्वस्त झाले आणि जंगलचा कोळसा सरकारी बंदोबस्ताखाली गेला, तेव्हा त्यांच्या भट्ट्या विझल्या. त्यांचा धंदा बुडवणाऱ्या विलायती घडीव लोखंडावरही पुढे तीच पाळी आली, हा काळाचा न्याय म्हणावा की नुसता योगायोग, कोण जाणे. १७८४ साली हेन्री कॉर्ट याने शोधून काढलेल्या, वितळलेल्या बिडास भट्टीत ढवळून त्यातील कर्ब जाळण्याच्या रीतीने ज्या लोखंडाचे जगभर पूल, आगगाड्या आणि फाटके झाली, ते बनविणारा इंग्लंडमधील शेवटचा कारखाना बोल्टन गावी होता आणि तो १९७०च्या दशकात बंद पडला. त्याची यंत्रसामग्री श्रॉपशायरमधील ब्लिस्ट्स हिल येथील संग्रहालयाने नेली. परिणाम असा की आज एखाद्या जुन्या फाटकाची गेलेली पाकळी त्याच धातूत घडवावयाची झाल्यास कारागिरास बाजारात तो धातू मिळत नाही. जुन्या नांगरांच्या साखळ्या आणि मोडीत निघालेले गज शोधून, ते तापवून, पुन्हा लाटून तो मिळवावा लागतो. काम सोपे व्हावे म्हणून सर्रास पोलादी पट्टी जोडली जाते, आणि ती दिसतेही बेमालूम; परंतु अशा जोडकामाकडे मी तरी संशयानेच पाहतो.

आता गंजाविषयी. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज होतो, एवढे शाळेत शिकविले जाते. शाळेत जे सांगत नाहीत ते असे की या त्रिकुटात मीठ शिरले म्हणजे प्रकरण हाताबाहेर जाते. समुद्राच्या हवेतील क्लोराइड गंजाच्या थरांतून पाझरत थेट गंज आणि धातू यांच्या सांध्यापाशी जाऊन बसते, तेथे आम्ल तयार करते, हवेतील ओल ओढून घेते, आणि स्वतः मात्र न संपता हेच काम अव्याहत करीत राहते. सरत्या पावसात किनाऱ्यावरील जुन्या लोखंडावर जे पिवळसर तांबूस थेंब जमलेले दिसतात, जणू लोखंडास घाम फुटला आहे, ते याच व्यवहाराचे लक्षण. वरून कितीही उंची रंग फासला तरी आतील सावकाराचे व्याज चालूच असते. दोन पावसाळ्यांत रंगाचे फोड येतात, आणि रंग कंपनीस दोष दिला जातो.

गंजाचा दुसरा उपद्रव त्याच्या आकारमानाचा. मूळ धातूपेक्षा तो सहा-सात पट जागा अडवू शकतो, त्यामुळे दगडात रोवलेला गज गंजू लागला की आतून पाचर ठोकल्याप्रमाणे दगड फोडतो. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांखाली चिऱ्यास गेलेली उभी चीर पुष्कळांनी पाहिली असेल. तिचा आळ बिचाऱ्या पायावर किंवा पिंपळाच्या मुळीवर येतो. म्हणूनच पूर्वीचे गवंडी गज बसविताना भोवती शिसे ओतीत. ते मऊ असल्याने थोडे दबते आणि पाणी आत जाऊ देत नाही.

समुद्रातून आलेल्या लोखंडाचे प्रकरण याहून विलक्षण आहे. बिडाची तोफ दीर्घकाळ खाऱ्या पाण्यात राहिली की तिच्यातील लोखंड हळूहळू निघून जाते, आणि मागे कर्बाचा सच्छिद्र सांगाडा तेवढा उरतो. आकार तोच, शिक्का तोच, अक्षरेही तीच, पण वजन घटलेले आणि अंग इतके मऊ की चाकूने कापता यावे. अशी तोफ वर काढून उन्हात वाळत ठेवली तर काही दिवसांत तिच्या ढलप्या पडू लागतात. जून १७७० मध्ये कॅप्टन कुक याचे ‘एंडेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले, तेव्हा भार हलका करण्यासाठी त्याने सहा तोफा समुद्रात टाकल्या. त्या १९६९ साली प्रवाळाच्या जाड कवचात गुरफटलेल्या सापडल्या. कवच फोडल्यावर त्या तोफा दाहक सोड्याच्या पाण्यात बुडवून, त्यांस विजेच्या ऋण टोकाशी जोडून, अल्पसा प्रवाह दीर्घकाळ वाहता ठेवण्यात आला. या युक्तीतील मर्म असे की ऋण टोकावर असलेल्या लोखंडाचे गंजणे थांबते, आणि त्याच्या अंगातील क्लोराइड धन टोकाकडे ओढले जाऊन पाण्यात उतरते. ते पाणी वरचेवर तपासावयाचे, खारट झाले की बदलावयाचे, आणि पुन्हा वाट पाहावयाची. अमेरिकेच्या यादवी युद्धातील ‘मॉनिटर’ या चिलखती जहाजाचा तोफबुरूज ऑगस्ट २००२ मध्ये समुद्रातून वर काढला, तो न्यूपोर्ट न्यूज येथील संग्रहालयात अशाच पाण्यात ठेवला गेला आणि त्याची ही अंघोळ दोन दशकांतही आटोपली नाही. ज्यास हे शिकावयाचे त्याने रसायनशास्त्राबरोबर पंचांगही जवळ ठेवावे, असे कोणी म्हटले तर ती थट्टा समजू नये.

ज्या वस्तूस हौदात बुडविता येत नाही तिचे काय, हा प्रश्न ब्रिस्टलच्या लोकांसमोर आला. ब्रुनेल या अभियंत्याचे ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज १८४३ साली ज्या गोदीत बांधले गेले, त्याच गोदीत १९७० साली फॉकलंड बेटांवरून ओढून परत आणले गेले. तोपर्यंत त्याच्या पत्र्यांत इतके मीठ मुरले होते की धुऊन काढणे अशक्य. प्रयोगांती असे आढळले की हवेतील सापेक्ष आर्द्रता विसाच्या आसपास आणून ठेवली तर मीठ असूनही गंज जवळजवळ थांबतो. मग जहाजाच्या पाणरेषेच्या पातळीवर काचेचे छत घालून, त्याखाली यंत्रांनी हवा वाळवून, वाळवंटासारखा कोरडेपणा निर्माण करण्यात आला. आपल्या मुंबईत आषाढात हीच आर्द्रता ऐंशीच्या वर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे कोकणच्या तोफांची दया येते.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर सांगितले पाहिजे की लोहकामाचे रीतसर शिक्षण देण्याची तजवीज या शहरात फार लवकर झाली होती. जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत १८६६च्या सुमारास तीन कार्यशाळा उघडण्यात आल्या. भित्तिचित्रणाची ग्रिफिथ्स यांच्याकडे, मूर्तिकामाची लॉकवुड किपलिंग यांच्याकडे, आणि तिसरी, शोभिवंत घडीव लोखंडाची, हिगिन्स यांच्याकडे. पहिल्या दोघांचा लौकिक झाला, तिसऱ्याचे नाव कोणास ठाऊक नाही. परंतु व्हिक्टोरिया टर्मिनसच्या भव्य जिन्याचे कठडे आणि तिकीटघराच्या जाळ्या याच शाळेतील विद्यार्थ्यांच्या कामाचा भाग आहेत, आणि त्यांजवरून रोज लाखो प्रवाशांची नजर न थांबता घसरत जाते. त्याच काळात आयात लोखंडही आले. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, याचा सबंध सांगाडा डर्बीच्या कारखान्यात तयार होऊन जहाजाने आला आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे उभा राहिला. मजले बदलले, खोल्या चिरल्या गेल्या, पाणी मुरत राहिले, आणि २००५ साली त्याच्या सज्जाचा काही भाग कोसळून एक मनुष्य प्राणास मुकला. याच सुमारास भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे ओतीव खांब आणि कठडे जुन्या रंगांच्या थरांतून मोकळे होऊन पुन्हा सोन्याच्या वर्खाने उजळत होते, आणि त्या कामास २००५ साली युनेस्कोचा गौरव लाभला. एकाच शहरात, एकाच काळी, सारख्याच वयाच्या लोखंडाच्या या दोन गती झाल्या.

ओतीव कामाची दुरुस्ती शिकणाऱ्यास एक गंमत लवकर कळते. कठड्याचा एक तुकडा हरवला, शेजारचा शाबूत आहे, तेव्हा त्याचाच साचा काढून नवा ओतावा असे सहज सुचते. पण तापलेले लोखंड निवताना शेकडा सुमारे एक इतके आकसते, म्हणून नवा तुकडा आईपेक्षा आखूडच निघतो आणि जागेवर बसत नाही. यासाठी नमुना करणारे सुतार मुद्दाम वाढीव खुणांची पट्टी वापरीत. तडा गेलेला खांब जोडावयाचा तर वेल्डिंगची ज्योत लावताच शेजारी नवा तडा जाण्याची भीती. म्हणून तड्याच्या आडवी छिद्रे पाडून त्यात निकेलच्या मिश्रधातूच्या चाव्या ठोकतात, आणि बीड अक्षरशः टाके घालून शिवतात.

या विद्येचे तीर्थक्षेत्र म्हणावे असे ठिकाण म्हणजे सेव्हर्न नदीवरील कोलब्रुकडेलचा पूल. १७७९ साली तिसऱ्या अब्राहम डार्बीने उभारलेला, सुमारे १०० फूट गाळ्याचा हा जगातील पहिला मोठा ओतीव लोखंडी पूल. सुट्या तुकड्यांची संख्या १,७०० च्या घरात. लोखंडाचा पूल कसा जोडावा हे तेव्हा कोणासच ठाऊक नसल्याने बांधणाऱ्यांनी सुताराची विद्या उसनी घेतली, आणि खाचा, खुंट्या व पाचरी मारून तो लाकडी मांडवासारखा जुळवला. २०१७-१८ साली त्याचे मोठे जतनकार्य झाले, तेव्हा रंगाच्या कणांची तपासणी करता असे दिसले की अनेक वर्षे निळसर राखाडी दिसणारा हा पूल मुळात गडद तांबूस तपकिरी होता. आणि त्यास तोच रंग पुन्हा देण्यात आला. तडे मात्र सगळे बुजविले नाहीत. जे बांधणीच्या वेळचे किंवा जमिनीच्या जुन्या हालचालींचे आहेत, आणि ज्यांनी पुलास धोका नाही, ते तसेच ठेवणे हाच तेथील निवाडा होता, आणि मला तो पूर्ण मान्य आहे.

रंगाची ही तपासणी कशी करतात? तांदळाएवढा एक कण काढून, राळेत बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरला की थर एकावर एक दिसू लागतात. शेंदराची पुटे चढून चढून रूप हरवलेला आपल्या गावचा मारुती ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे वेगळे समजावून सांगावयास नको. योगायोग असा की लोखंडाच्या या थरांत सर्वांत खाली बहुधा तोच शेंदूर सापडतो. शिशाचे हे तांबडे भस्म जवसाच्या तेलात खलून लोखंडास पहिला हात म्हणून देण्याची चाल विलायतेत दीर्घकाळ होती. ते उत्तम संरक्षक खरे, परंतु विषारी. म्हणून जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडविणे हा अपराध समजला पाहिजे. वाळूच्या झोताने लोखंड ‘चकचकीत’ करण्याची जी हौस आज फोफावली आहे, ती धूळ तर उडवितेच, शिवाय घणाच्या खुणा, ओतकामाची शिवण आणि रंगांचा सारा दप्तरखाना एका तासात साफ करते.

सौम्य उपायही आहेत, आणि त्यातील एक तर आपल्या आजीच्या डबीत होता. हिरड्याचा अर्क आणि हिराकस यांच्या संयोगाने पूर्वी शाई होई, दातवणही होई. हिरड्यातील टॅनिन लोखंडाशी मिळून जो निळसर काळा, टिकाऊ पदार्थ बनवते, तोच आज गंजलेल्या पृष्ठभागावर टॅनिक आम्ल लावून मुद्दाम घडवून आणतात, आणि वर मेणाचा हात देतात. मात्र आत मीठ असेल तर हा उपायही वरवरचाच.

आपल्या पुरातत्त्व खात्याची रसायनशाखा १९१७ साली सुरू झाली, आणि जतनाच्या कामाविषयी सर जॉन मार्शल यांची नियमपुस्तिका १९२३ साली निघाली. म्हणजे जुन्या वस्तूची नोंद आधी, स्पर्श मागाहून, हा दंडक आपल्याकडे शतकभर दप्तरी दाखल आहे. किल्ल्यांवर श्रमदान करणाऱ्या तरुण मंडळींच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. दरीत पडलेली तोफ दोरखंडांनी वर ओढून आणणे हे सोपे काम नव्हे. त्यांनी तारेचा ब्रश आणि काळा ऑइलपेंट मात्र खालीच ठेवून यावा, तोफेची लांबी, तोंडाचा व्यास, अक्षरे आणि छायाचित्रे टिपून घ्यावीत, तिच्याखाली दोन दगड देऊन ती मातीपासून अधर करावी, तोंड किंचित खाली झुकवून पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यावे, आणि पुढचे काम जाणकाराची लेखी परवानगी येईपर्यंत थांबवावे.

राहता राहिला माझा पोपडा. गंजाने खाल्लेल्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग, ज्यावर कारागिराची खूण किंवा अक्षराची कड असते, तो बहुधा धातूवर शिल्लक नसतो. तो गंजाच्या थरांच्या मधोमध अडकलेला असतो. पोपडा गेला की तो गेला. तेव्हा अलिबागेस गेलात तर तोफा अवश्य पाहा, अक्षरे वाचा, ओहोटीची वेळ सांभाळा, आणि हात खिशात ठेवा.